अकराची गाडी

रेल्वे सुरू झाली त्या वर्षी, म्हणजे १९९८ मध्ये, आमच्या शेजारच्या काकींनी मला पहिला प्रश्न विचारला. बोगद्यात गाडी शिरली की आतली माणसे श्वास कशी घेतात? मी त्याच वर्षी कुडाळला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागलो होतो. तालुक्यांतून येणारा मजकूर कापणे, शुद्धलेखन बघणे, मथळे देणे, पानावर उरलेल्या जागेत चौकट बसवणे, हे माझे काम. रेल्वेशी माझा संबंध एवढाच होता की कार्यालयाच्या मागच्या खिडकीतून गाडीचा आवाज येई. तरी मी उत्तर दिले. डबे मोठे असतात, हवा पुरते, आणि सगळ्यात लांब बोगदाही काही मिनिटांत संपतो. काकींनी ते मान्य केले, पण गाडीत बसायला त्या तयार झाल्या नाहीत.

काकी मालवणच्या बाजारात मासळी विकत. नवरा होडीवर जायचा. तो आजारपणात लवकर गेला. एकुलती मुलगी दोडामार्गाकडे दिलेली. मालवणजवळच्या आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्याच्या कुंपणाचा गडगा होता आणि त्याला माणूस जाईल एवढी फट होती. संध्याकाळी मी कुडाळहून येऊन, मोटारसायकल लावून ओटीवर टेकलो की काकी त्या फटीतून येत, पायरीवर बसत आणि विचारत.

"झिला, गॅसच्या खोलयेत देवाचो दिवो लावलो तर चलता?"

"झिला, इजा चमाकतत तेवा मोबायल बंद करूचो काय?"

"ह्या फोनात फोटो काढतत. फोन बंद केल्यार फोटो खंय जाता?"

मोबाइल त्यांना जावयाने दिला होता, वापरलेला. नंबर साठवणे, आवाज कमी करणे, मिस्ड कॉल देणे हे मी शिकवले. एकदा त्यांनी एसटीबद्दल विचारले.

"बाजूचो मेलो झोपेचा सोंग घेवन अंगार पडता. त्याका काय करूचा?"

"कंडक्टराक सांग."

"कंडक्टर फुडे खराच झोपललो आसता."

"मगे?"

"तूच सांग. सुई टोचू?"

"टोच."

"टोचलंय," काकी म्हणाल्या. "इचारूक इलंय ता टोचल्यार. पोलिसांचा काय नाय मां?"

लग्नाच्या आमंत्रणाचा प्रश्न मात्र त्यांनी गंभीरपणे विचारला होता. दूरच्या नात्यातल्या एका लग्नाचे बोलावणे फोनवर आले होते. घरी कोणी आले नव्हते, अक्षत दिली नव्हती. जावे की जाऊ नये? न गेले तर नाते तुटते, गेले तर बोलावल्याशिवाय आली असे लोक म्हणतात. मी सांगितले, आता लोकांना वेळ नसतो, फोन म्हणजेच आमंत्रण, जा. त्या गेल्या. परत येऊन म्हणाल्या, मांडवात निम्म्या बायका एकमेकींना तेच विचारत होत्या, आणि आमच्या शेजारचा पेपरातला माणूस जा म्हणाला असे सांगितल्यावर सगळ्या निर्धास्त जेवल्या.

"पेपरातला माणूस" हा शब्द मला आवडत असे. ते इथे नोंदवले पाहिजे. आमच्या कार्यालयात "माहीत नाही" हे उत्तर कोणी देत नसे. संपादकाने काही विचारले तर आधी काहीतरी सांगायचे आणि मग फोन करून खात्री करायची, अशी रीत होती. सांगितलेले बहुतेक वेळा बरोबर निघे. तीच सवय मी घरी आणली होती. फरक एवढाच की काकींना उत्तर दिल्यावर मी कुठेही फोन करत नसे. विजेचे, गॅसचे, फोटोचे, यांतले कोणते उत्तर बरोबर होते आणि कोणते चूक, हे मी तपासले नाही.

काकींचे माहेर तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. आईवडील गेलेले. मागे एकच भाऊ, तो मुंबईत गोदीत नोकरीला. या भावाशी त्या आठ वर्षे बोलत नव्हत्या. भावाने गावी घर बांधताना परसातली हापूसची दोन कलमे तोडली. ती त्यांच्या आईने लावलेली होती. काकी तिथे गेल्या, तुटलेल्या कलमांपाशी बसल्या आणि गवंडी-मजुरांसमोर भावाला बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. "वायट बोललंय" एवढेच म्हणायच्या. भावाने घर पूर्ण केले आणि वास्तूला बहिणीला बोलावले नाही. बाकी सगळा गाव जेवला.

२००६च्या जूनमध्ये, तिन्हीसांजेला, भावाच्या बायकोचा फोन आला. भाऊ महिनाभर हॉस्पिटलात होता. हे काकींना माहीत नव्हते. डॉक्टरांनी आता आशा नाही असे सांगितले होते. भाऊ शुद्धीवर होता आणि बहिणीचे नाव घेत होता. वहिनी म्हणाली, उद्या ये. परवा नको, उद्या.

मुंबईला रात्री जाणाऱ्या एसट्या तोपर्यंत निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जायला दोन मार्ग होते. सकाळी सातची एसटी होती, ती रात्री पोचत असे. किंवा कुडाळहून सकाळची रेल्वे. तीही रात्रीच पोचे, पण तासभर आधी. काकी मुंबईला नेहमी एसटीने गेल्या होत्या. रेल्वेची त्यांना भीती होती. आता ती बोगद्यांची नव्हती, दरडींची होती. पावसात डोंगर रुळांवर येतो हे त्यांनी आमच्याच पेपरात वाचले होते. पण घाटातल्या रस्त्यावरही दरडी येत होत्या आणि त्या आठवड्यात पाऊस थांबला नव्हता. कशानेही गेले तरी पोचले पाहिजे, एवढेच त्यांना हवे होते.

फोन ठेवून त्या आधी देवळात गेल्या. ग्रामदेवाला कौल लावायचा, हे आमच्याकडे अजून चालते. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि प्रश्न सांगतो. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. काकींचा प्रश्न होता, रेल्वेने जाऊ काय. गुरवाने पाकळ्या लावल्या. अर्धा तास दोघे उभे होते. एकही पाकळी पडली नाही. गुरव म्हणाला, देव आज बोलत नाही, पहाटे ये.

तिथून काकी गडग्याच्या फटीतून माझ्याकडे आल्या. साडेसात वाजले होते. त्यांनी फोनबद्दल सांगितले, कौलाबद्दल सांगितले आणि विचारले, एसटी की रेल्वे.

मी हसलो. "देव टायमटेबल वाचता काय, काकी?"

"देवाची थट्टा करू नको मेल्या. देवान सांगूक नाय म्हणान तुज्याकडे इलंय."

"रेल्वेन जा. घाटाचो भरवसो नाय. रेल्वेवाले पावसात गाडी हळू हाकतत, रुळार माणसां ठेवतत. अकराची गाडी. साडेधाक स्टेशनार रव."

"अकरा नक्की?"

"अकरा वाजान पाच मिन्टां. गाडीत बसलंस काय एक मिस्कॉल दी. माका समाजता."

काकी उठल्या. जाताना म्हणाल्या, "मगे पयाटे देवळात जावक नको. तुया सांगलंस ता बरा झाला."

आता वेळेबद्दल. पावसाळ्यात आमच्या मार्गावरच्या गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते. गाड्या हळू चालवाव्या लागतात म्हणून मुंबईकडे जाणाऱ्या काही गाड्या लवकर सोडतात. हे वेळापत्रक जूनमध्ये लागू होते. त्या वर्षीचे लागू होऊन चार दिवस झाले होते. त्याची चौकट आमच्या दैनिकात आली होती. ती मी तयार केली होती. रेल्वेकडून आलेला कागद लांब होता. मी आपल्या जिल्ह्यातली स्थानके ठेवून बाकीची काढली आणि वर "पावसाळी वेळापत्रक आजपासून" असा मथळा दिला. कुडाळला अकरा पाचला येणारी ती गाडी चौकटीत दहा दहाला होती. आकडे माझ्या हाताखालून गेले. लक्षात राहिले नाहीत. तो अंक घरात होता, ओटीवरच्या फडताळात, काकी बसल्या होत्या त्या पायरीपासून तीन पावलांवर.

गुरवाला त्या संध्याकाळी उत्तर नव्हते आणि त्याने तसे सांगितले. मलाही नव्हते. मी मिनिटांसकट सांगितले.

दुसऱ्या दिवशीचे मला काकींकडून आणि नंतर इतरांकडून तुकड्या तुकड्यांनी कळले. सातची एसटी मालवणच्या स्थानकावरून त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. कुडाळला जाणाऱ्या नऊच्या एसटीसाठी त्या आधीच तिथे येऊन बसल्या होत्या. साडेदहाला पाच मिनिटे कमी असताना त्या कुडाळ स्टेशनवर पोचल्या. नेसूचे चांगले लुगडे, एका पिशवीत कपडे, दुसऱ्या पिशवीत भावासाठी कोकमाची सोले आणि गोलमे, म्हणजे सुका जवळा. फलाट मोकळा होता. त्यांना वाटले, आपण लवकर आलो. त्या बाकावर बसल्या. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. गाड्या उशिरा येतात हे त्यांनी ऐकले होते. त्या बसून राहिल्या. मग खिडकीवर जाऊन विचारले. आतल्या माणसाने वर न बघता सांगितले, "मुंबईची गाडी कधीच गेली. दहा दहाला. वेळेवर यायला हवं होतं."

काकींनी मला मिस्ड कॉल दिला.

मी कार्यालयात होतो, स्टेशनपासून मोटारसायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर. फोन टेबलावर होता. एकदा वाजून थांबला. काकींचा नंबर. घड्याळात अकरा वीस झाले होते. मला वाटले, गाडी थोडी उशिरा आली आणि त्या बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा वाजून थांबला. मग आणखी एकदा. एकाऐवजी तीन मिस्ड कॉल. मला हसू आले. समोरच्या सहकाऱ्याला मी सांगितले, आमच्या काकी आज पहिल्यांदा रेल्वेत बसल्या, आनंदाने तीनदा कळवतात.

आमच्याकडे तेव्हा मिस्ड कॉलचे दोन अर्थ होते. आधी ठरवले असेल तर ठरलेला निरोप. ठरवले नसेल तर "तू फोन कर". काकींनी दुसऱ्या अर्थाने दिले होते. मी पहिल्या अर्थाने घेतले आणि कामाला लागलो.

दुपारी एक वाजता आमच्या जाहिरात विभागाचा माणूस जीप घेऊन मुंबईला निघाला. मागे जागा होती. निघताना त्याने मला विचारले होते, कोणाला यायचे आहे का. मी नाही म्हटले. जीप रात्री अकराच्या सुमारास पोचली, हे मी नंतर त्याला विचारून घेतले. विचारायला नको होते, पण विचारले.

काकी संध्याकाळी पाचच्या एसटीत बसल्या. तोपर्यंत त्या स्टेशनवरून एसटी स्थानकावर चालत आल्या होत्या आणि तिथे बसून होत्या. माझ्या कार्यालयाचा रस्ता त्यांना माहीत नव्हता, आणि मी परत फोन करत नाही म्हणजे कामात आहे, त्रास नको, असे त्यांना वाटले. रात्री कशेडी घाटात झाड पडले. एसटी पहाटेपर्यंत उभी होती. काकी दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पोचल्या. भाऊ पहाटे गेला होता. सकाळी दहाला सगळे उरकले होते. आदल्या रात्री साडेदहापर्यंत तो "इली काय?" असे विचारत होता, हे वहिनीने त्यांना दारातच सांगितले.

माझी चूक मला त्याच दिवशी संध्याकाळी कळली, म्हणजे काकी एसटीत असताना. एका वाचकाने कार्यालयात फोन करून गाडीची वेळ विचारली. मी फाइलमधून चौकट काढून वाचून दाखवली आणि वाचता वाचता थांबलो. वाचक "हॅलो, हॅलो" म्हणत होता. मग मी काकींना फोन लावला. लागला नाही. त्या घाटाच्या वाटेवर असणार.

बाराव्यानंतर काकी परत आल्या. त्याच संध्याकाळी त्या गडग्याच्या फटीतून आल्या आणि पायरीवर बसल्या. मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा आणला. काय बोलायचे ते मी ठरवून ठेवले होते. पावसाळ्यात वेळा बदलतात, मी जुनी वेळ सांगितली, चूक माझी. तीन छोटी वाक्ये. तेवढ्यात काकी बोलल्या.

"माजाच चुकला, झिला. तुया धा सांगललंस. मिया अकरा धरून बसलंय."

मी चहाची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"वयनी सगळ्यांका सांगता, कलमांचो राग हिना भाव मरताना पण सोडूक नाय. मुद्दाम उशिरा इली. मिया तिका काय सांगू? गाडी चुकली म्हटलंय. तर म्हणता, गाडी धाची, आणि तू साडेधाक कशी गेलंस? म्हटलंय, माज्या ध्यानात रवला नाय. तर म्हणता, भावाक भेटूक जाताना ध्यानात रवला नाय?"

त्यांनी चहा संपवला. मला वाटले, आता सांगावे. मी म्हणालो, "जाता तसा कधी कधी, काकी."

हे वाक्य मी बोललो. ते खोटे नव्हते. म्हणूनच ते बोलणे सोपे गेले.

त्यानंतर सांगणे दिवसेंदिवस अवघड झाले. पहिल्या आठवड्यात सांगितले असते तर ती चूक ठरली असती. महिन्याने सांगितले तर महिनाभर का लपवले, हे सांगावे लागले असते. वर्षाने त्याहून जास्त. मी दुसऱ्या मार्गाने भरपाई करू लागलो. काकींची औषधे कुडाळहून आणली. त्यांच्या छपराची कौले उतरवून पुन्हा बसवली. त्यांच्या प्रश्नांना आता मी लगेच उत्तर देत नसे. "उद्या सांगतंय" म्हणे, खरोखर चार ठिकाणी विचारे आणि मगच सांगे. काकी शेजारणींना म्हणत, आमच्या झिलाचा कधी चुकता नाय, तो इचारून सांगता. हे मी गडग्याच्या अलीकडून ऐकत असे.

त्यांचे प्रश्नही बदलले होते. सुरुवातीला ते जगाबद्दल असत, आता बरेचसे स्वतःबद्दल. बाजारात गिऱ्हाइकाने काय मागितले ते विसरले तर काय करावे? घरातून निघताना चूल विझवली की नाही हे आठवत नसेल तर परत यावे का? दोडामार्गला मुलीकडे जायचे त्या टाळू लागल्या, सावंतवाडीला गाडी बदलावी लागते म्हणून. पूर्वी त्या तिथे एकट्या जात. मी म्हटले, जा, काय होते? त्या म्हणाल्या, नको, माझे वेळेचे काही खरे नाही.

२००९च्या उन्हाळ्यात भाच्याचे लग्न झाले. त्यांच्या घरी नवऱ्याला हळद लावताना पहिला हात आत्याचा असतो. काकींना बोलावणे आले नाही. फोनवरही नाही. लग्नाच्या दिवशी त्या बाजारात गेल्या, नेहमीप्रमाणे बसल्या आणि दुपारी मासळी संपायच्या आधी घरी आल्या. संध्याकाळी त्यांनी मला विचारले, मुंबईला हळद किती वाजता लावत असतील. मी म्हटले, बहुधा आदल्या दिवशीच लावली असेल. त्या म्हणाल्या, हां.

मी त्याही दिवशी सांगितले नाही.

शेवटी सांगितले ते २०१०च्या मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी. काकींनी मागल्या दारी हाक मारली. त्या आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बांगडे कापत होत्या. त्यातले चार मला द्यायचे होते. मी उंबऱ्यावर बसलो. त्या हात न थांबवता बोलल्या.

"झिला, टकल्याचो फोटो काढतत, मशिनीत घालून. तो खंय काढतत?"

"डोक्याचो? कोणाचो?"

"माजो."

"कित्याक? पडलंस खंय?"

"पडूक नाय. ह्या इसरण्याचा आसा मां. माजी आवस शेवटाक कोणाक वळखी नाय होती. माका वाटता, माजा तेवापासून सुरू झालाहा. धा नि अकरा माका कळाक नाय. एवडा मोठा काम, भाव मरताहा, आणि माका टायम ध्यानात रवना नाय. साध्या माणसाचा असा जायत?" त्यांनी पाण्याने आडाळा धुतला. "चेडवाक, दोडामार्गाक, सांगूक नाय. ती काम सोडून येतली. तू माका डॉक्टराकडे घेवन चल. फोटोत दिसता काय ता बघूया."

मी त्यांना सांगितले. ठरवलेली तीन वाक्ये आठवली नाहीत. म्हणालो, "काकी, तुया बरोबर ध्यानात ठेवललंस. मिया अकराच सांगललंय."

काकींचा हात थांबला.

"पावसात गाडयेचो टायम बदालता. धा धाचो झाललो. माका म्हायत होता. म्हंजे म्हायत असूक व्हया होता, मियाच पेपरात घातललंय. बघूक नाय आणि तुका सांगलंय. तुजा काय चुकूक नाय."

"तुका कधी कळला?"

"त्याच दिवशी. सांजेक."

"मी येवच्या आदी?"

"होय."

बांगड्यांवर माश्या बसत होत्या. काकींनी त्या हाकलल्या नाहीत. एक मांजर जवळ आले, त्यालाही हाकलले नाही.

"चुकता माणूस," त्या म्हणाल्या. "देव पण गप रवता. गाडी चुकली ता चुकली. पण मी हय इलंय, तुज्या पायरेर बसान म्हटलंय माजा चुकला. तेवा तुज्या तोंडात काय होता?"

"भियालंय, काकी."

"माका? मासळी इकणाऱ्या बायलेक?"

मी बांगड्यांवरच्या माश्या हाकलल्या.

"चार वर्सां मी माज्या टकल्याक शिये घालतंय. चेडवाकडे जावक नाय. भाचयाक हळद लावक नाय. वयनीन माका भावाचो जीव घेवची म्हटल्यान, मिया आयकान घेतलंय, कित्याक? माका वाटला ती खरा बोलता." त्या उठल्या, हात धुतले, पदराला पुसले. "उठ. तिका फोन लाव."

"वयनीक?"

"मगे कोणाक? माका सांगलंस, आता तिका सांग. मिया सांगलंय तर ती म्हणतली, शेजाऱ्याक फुडे करता."

त्यांच्या मोबाइलवर वहिनीचा नंबर होता, मीच साठवून दिलेला. मागल्या दारी रेंज नव्हती. आम्ही पुढे अंगणात आलो. फोन लागला. मी माझे नाव सांगितले आणि म्हणालो, मी काकींचा शेजारी, वर्तमानपत्रात काम करतो. चार वर्षांपूर्वी, तुमच्या घरी प्रसंग झाला तेव्हा, काकी वेळेवर स्टेशनवर गेल्या होत्या. गाडीची वेळ मी त्यांना चुकीची सांगितली होती. सकाळची एसटी होती, पण मीच त्यांना रेल्वेने जा म्हटले. स्टेशनवरून त्यांनी मला तीनदा मिस्ड कॉल दिला, मी परत फोन केला नाही. दुपारी मुंबईला येणाऱ्या जीपमध्ये जागा होती. माझी चूक मला त्याच दिवशी कळली होती आणि मी त्यांना आजपर्यंत सांगितले नव्हते.

जीपचे काकींना माहीत नव्हते. त्या माझ्यासमोर उभ्या होत्या आणि ऐकत होत्या.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग वहिनी म्हणाली, "चार वर्षांनी सांगताय हे?"

"हो."

"मी माझ्या मुलाच्या लग्नात तिला बोलावलं नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं? लग्नाच्या वेळी?"

"हो."

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग वहिनीचा आवाज बदलला, भाषाही बदलली. "तिका दी फोन."

मी फोन काकींकडे दिला. त्या तो घेऊन माडांच्या बाजूला गेल्या, माझ्याकडे पाठ करून. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. मी ऐकण्याचा प्रयत्न केला, हेही खरे आहे. दहा मिनिटे गेली असतील. एकदा त्यांनी हात वर करून कोणाला तरी समजावल्यासारखा हलवला. एकदा त्या नुसत्या उभ्या होत्या, फोन कानाला लावून, बराच वेळ.

परत आल्यावर त्यांनी फोन कमरेला खोचला. डोळे लाल होते, आवाज नेहमीचा होता.

"मी जावन येतंय म्हमयक," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"बघतंय. ह्याच आठवड्यात."

"काकी, मी गाडी बघान ठेवतंय. ह्या टायमाक स्टेशनार फोन करून, लिवन घेवन, मगेच तुका..."

"नको." त्यांनी बांगड्यांची थाळी उचलली. माझे चार बाजूला काढून ठेवलेले होते, ते त्यांनी माझ्या हातात दिले. "स्टेशनार जावन मीच इचारतंय."

गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होते. त्या कोणत्या गाडीने गेल्या ते मला माहीत नाही.